दार किती रुंद आहे?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ‘माझा व्यवसाय, माझे अनुभव’ या सत्रात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



समितीनं प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि वेळ संपली की घंटा वाजणार आहे. त्यामुळे प्रास्ताविक नको. मी आर्किटेक्ट आहे, गेली चोवीस वर्षं याच शहरात नकाशे काढते. त्यातली बरीच कामं हॉटेलांची. नवी इमारत क्वचित, जुन्याची डागडुजी जास्त. आपल्या तुकडीतले चौघं हॉटेल-लॉजच्या धंद्यात आहेत, दोघं बिल्डर आहेत, दोघी वेबसाइटी बनवतात. म्हणजे आजच्या विषयातले सगळे आरोपी समोरच बसले आहेत. (हशा)

विषय असा: दिव्यांग पाहुण्याला आपल्या शहरातल्या हॉटेलात नीट राहता येतं का? आणि ते त्याला घरून निघण्याआधी कळतं का? दुसरा प्रश्न मला पहिल्याइतकाच मोठा वाटतो.

या मेळाव्याच्या तयारीत काय झालं ते सांगते. आपला एक मित्र बरीच वर्षं चाकाच्या खुर्चीवर आहे. तो आज पहिल्या रांगेत बसलाय. गोष्ट सांगायला त्यानं परवानगी दिली आहे, फक्त नाव घेऊ नकोस म्हणाला. मागच्या दोन मेळाव्यांना तो आला नव्हता. आपल्याला वाटलं, कामात असेल. या वेळी त्यानं ग्रुपवर एकच ओळ टाकली: ‘येतो. फक्त मुक्कामाच्या खोलीत बाथरूमचं दार किती रुंद आहे ते सांगा.’

समितीनं अकरा हॉटेलांना फोन केले. अकराही ठिकाणी उत्तर मिळालं, ‘सगळी सोय आहे, साहेब.’ दार किती इंच, असं विचारलं की पलीकडे शांतता. एकानं सांगितलं, ‘मोठं आहे.’ एकानं सांगितलं, ‘आमच्याकडे लिफ्ट आहे.’ एकानं तर विचारलं, ‘पेशंट किती दिवस राहणार?’ शेवटी बसस्टँडजवळच्या एका साध्या लॉजवरचा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘दहा मिनिटं द्या, मोजून सांगतो.’ त्यानं टेप लावून फोटोच पाठवला. साफ जागा अठ्ठावीस इंच. मित्राची खुर्ची पंचवीस इंच. काम झालं. त्या लॉजला तारा नाहीत, झुंबर नाही, पण आपला मित्र तिथं राहिलाय आणि आज आपल्यात बसलाय. (टाळ्या)

आता त्या तीन इंचांमागचं गणित सांगते, कारण बिल्डर मंडळींना इंच लवकर समजतात. आपण ‘अडीच फुटी दार’ म्हणतो ते चौकटीसकट. चौकट आणि उघडलेल्या फळीची जाडी वजा केली की जाण्याची साफ जागा उरते पंचवीस-सव्वीस इंच. नेहमीची घडीची खुर्ची बाहेरून चोवीस ते सव्वीस इंच असते, आणि चाकं हातानं ढकलायची तर बोटांना दोन्ही बाजूंनी जागा हवी. म्हणजे खोलीचं दार तीन फुटी, आत गालिचा, भिंतीवर पैठणीचा तुकडा फ्रेम करून लावलेला, आणि माणूस बाथरूमच्या दारात अडकलेला. पाण्याची तहान लागली तरी पाणी न पिणारे पाहुणे मला माहीत आहेत. रात्री बाथरूमला जाता येणार नाही, म्हणून संध्याकाळपासून घोटभरही नाही. नवं बांधताना निकष ९०० मिलिमीटरचा आहे, साधारण तीन फूट साफ जागा. जुन्या इमारतीत भिंत फोडायची नसेल तर फळी काढून बाहेरच्या बाजूनं सरकतं दार बसवा. त्यात आणखी एक फायदा आहे. आत उघडणाऱ्या दारामागं माणूस पडला तर दार उघडतच नाही. हे फक्त दिव्यांगांपुरतं नाही. आपण सगळे पन्नाशी ओलांडलेले आहोत, कालच्या पदयात्रेत कोणाकोणाचे गुडघे बोलत होते ते मी ऐकलं आहे.

रॅम्पचं तर विचारूच नका. हॉटेलसमोर दीड फुटाची जोती असते, तीन पायऱ्या. मालक म्हणतो, ‘मॅडम, बाजूला एक रॅम्प टाकून द्या, पाच-सहा फुटांचा.’ तो सामानाच्या ट्रॉलीचा रॅम्प झाला, आणि तीही वर जाताना दोघं लागतात. नियम एकास बाराचा आहे: एक इंच चढायला बारा इंच लांबी. अठरा इंच जोतीला अठरा फूट. जागा नसेल तर भिंतीला समांतर वळवून घ्या, पण उतार तोच ठेवा, कठडा लावा. आणि त्यावर चकचकीत ग्रॅनाइट नको. आपल्याकडे पाऊस कमी असला तरी फरशी पुसायला पोरगा रोज असतोच.

बाथरूममध्ये सगळ्यात जास्त ठिकाणी चुकतं ते दोन बाबतींत. एक म्हणजे उंबरा. पाणी खोलीत येऊ नये म्हणून आपण दोन-तीन इंचांची पट्टी घालतो. चाकाला ती भिंतच. फरशीला आतल्या बाजूनं उतार आणि दारात लांब जाळी दिली तर पट्टीची गरज नाही. दुसरी म्हणजे दांडी. टॉवेल अडकवायचा रॉड हा आधाराचा दांडा नव्हे. तो टाइलमध्ये दोन प्लगवर उभा असतो. माणूस कमोडवरून खुर्चीवर सरकतो तेव्हा अंगाचा सगळा भार त्या दांड्यावर येतो. तो विटांच्या भिंतीत खोल बसवलेला हवा. कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावायला जागा हवी, आणि जेट हाताला लागेल असा हवा. आंघोळीला बादली-मगच ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण भिंतीला घट्ट बसवलेली बैठक आणि हातात धरता येणारा शॉवर द्या. प्लास्टिकचं स्टूल ओल्या फरशीवर सरकतं, त्याच्यावर कोणाच्या वडिलांना बसवू नका.

खर्च किती, असं आता कोणीतरी विचारेल. दोन मजबूत दांडे, एक बैठक आणि हाताचा शॉवर मिळून खोलीतल्या टीव्हीपेक्षा स्वस्त पडतात. महाग पडतं ते नंतर फोडणं. म्हणून मी प्रत्येक मालकाला सांगते, डागडुजी काढलीच आहे तर आत्ताच करा.

चाकाची खुर्ची डोळ्यांना दिसते म्हणून तिच्यावर मी जास्त बोलले. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात सातच होते. कर्णबधिर पाहुण्याला रिसेप्शनला फोन करता येत नाही, त्याला व्हॉट्सअ‍ॅप नंबर द्या. दारावरची घंटा त्याला ऐकू येणार नाही, आत दिवा लुकलुकला पाहिजे. आगीचा भोंगा वाजला तर? त्यालाही दिवा हवा. नाहीतर सगळे खाली रस्त्यावर आणि एक जण वर झोपलेला. दृष्टिहीन पाहुण्याला खोलीत सोडताना नोकरानं सामान ठेवून, सलाम ठोकून निघून जाऊ नये. स्विचबोर्ड कुठे, पाण्याची बाटली कुठे, गरम पाण्याचा नळ कोणत्या बाजूला, हे एकदा बरोबर फिरून सांगायचं. हात धरून ओढायचं नाही. आपलं कोपर पुढे करायचं, ते धरतात आणि अर्धं पाऊल मागून येतात. आणि बोलायचं त्यांच्याशी, सोबतच्या माणसाशी नाही. ‘हे काय घेतील?’ हा प्रश्न मी चांगल्या चांगल्या हॉटेलांत ऐकला आहे. वेटरचा पगार न वाढवता हे सुधारता येतं.

आता वेबसाइट. आमच्या दोघी मैत्रिणी सावरून बसल्या! (हशा)

मागच्या वर्षी मी एका दृष्टिहीन बँक अधिकाऱ्याशेजारी बसले. त्यांना अजिंठा-वेरूळला यायचं होतं, आणि ते फोनवर इथलं हॉटेल शोधत होते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, पडद्यावर जे आहे ते फोन वाचून दाखवतो. संगणकावर तेच काम करणारा एनव्हीडीए नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो, मराठीही वाचतो. अशा सोयींना स्क्रीन रीडर म्हणतात. हे गृहस्थ त्यावर बँकेचं सगळं काम करतात, त्यामुळे अडाणीपणाचा प्रश्न नव्हता. पहिल्या वेबसाइटवर फोन म्हणाला, ‘इमेज. इमेज. इमेज.’ दर, खोल्यांचे प्रकार, ऑफर, सगळं एका सुंदर पोस्टरमध्ये चित्र म्हणून टाकलेलं. दुसऱ्यावर फोन म्हणाला, ‘बटण. बटण. बटण.’ त्या बटणांना नावंच दिलेली नव्हती. कोणतं खोली निवडायचं, कोणतं रद्द करायचं, कसं कळणार? तिसऱ्यावर तारखेचं कॅलेंडर उघडलं आणि त्यातून बाहेर येता येईना. चौथ्यावर पैसे भरायच्या पानापर्यंत पोहोचले आणि वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहा, असं चित्र आलं. चाळीस मिनिटं गेली. शेवटी ते हसून म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या शहरात बावन्न दरवाजे आहेत म्हणतात. मला एक तरी सापडू द्या.’

यातली एकही अडचण अवघड नाही. चित्राला वर्णन लिहा. ‘रूम ३’ हे वर्णन नाही. ‘दुहेरी खाट, डाव्या बाजूला तीन फूट मोकळी जागा, बाथरूमचं दार सरकतं’ हे वर्णन आहे. प्रत्येक बटणाला आणि रकान्याला नाव द्या. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब आणि एंटरवर खोली आरक्षित होते का ते बघा. फिक्या क्रीम रंगावर सोनेरी अक्षरं सगळ्या हॉटेलांना फार आवडतात; ती चष्मेवाल्यांनाही वाचता येत नाहीत. डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक साडेचारास एक तरी असावा असं सांगितलं आहे. मोजायची साधनं फुकट मिळतात. रेस्टॉरंटच्या टेबलावर क्यूआर कोड चिकटवला आणि त्यामागं मेनूकार्डाचा फोटो ठेवला, तर दृष्टिहीन माणसाला खलिया आहे की खिचडी, हे वेटरलाच विचारावं लागतं. मेनू मजकूर म्हणून टाइप करा.

आपल्या मराठीची एक खास भानगड आहे. बऱ्याच ठिकाणी मजकूर अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होतो आणि त्याची पीडीएफ वेबसाइटवर चढते. डोळ्यांना छान देवनागरी दिसतं, पण स्क्रीन रीडरला तिथं इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा वाचायला मिळतो. आणि पानाची भाषा मराठी आहे हे सांकेतिक भाषेत नमूद केलं नसेल, तर इंग्रजी आवाज मराठी शब्द वाचायला जातो, किंवा गाळूनच टाकतो. मैत्रिणींनो, ही एका ओळीची दुरुस्ती आहे.

एक सावधगिरी. वेबसाइटच्या कोपऱ्यात खुर्चीचं निळं चिन्ह लावून ‘एका क्लिकमध्ये सगळं सुगम’ असं विकणाऱ्या कंपन्या आता मालकांना फोन करतात. अमेरिकेतल्या व्यापार आयोगानं २०२५ मध्ये अशाच एका कंपनीला, अ‍ॅक्सेसीबीला, खोट्या दाव्यांसाठी दहा लाख डॉलर भरायला लावले. रंगाचा हात मारून ओल झाकल्यासारखं आहे ते.

हॉटेलवाल्यांसाठी मला जगातला सगळ्यात उपयोगी वाटलेला नियमही अमेरिकेतलाच आहे. तिथं मार्च २०१२ पासून हॉटेलनं आरक्षणाच्या वेळीच खोलीचं इतकं तपशीलवार वर्णन द्यावं लागतं, की ती आपल्याला चालेल की नाही हे पाहुणा स्वतः ठरवू शकेल. आणि त्यानं ती खोली घेतली तर तीच त्याच्यासाठी राखून ठेवायची. ‘दुसरी दिली, तिसऱ्या मजल्यावर आहे’ चालत नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ‘सुगम’ या एका शब्दानं काही कळत नाही. माझ्या खुर्चीला पंचवीस इंच लागतात, दुसऱ्याच्या मोटरवाल्या खुर्चीला जास्त. कोणाला खाट अठरा इंच उंच हवी, कोणाला बावीस. आकडे द्या, फोटो द्या, ठरवू दे त्यांना. ज्या खोलीत दार अरुंद आहे तिथं अरुंद आहे असं लिहा. त्यानं गिऱ्हाईक तुटत नाही, उलट भांडण टळतं.

कायद्याकडे वळते. आपल्या कायद्यात ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही त्यात येते, म्हणजे हॉटेल आलंच. नकाशा नियमांत बसत नसेल तर बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देऊ नये असं कलम ४४ सांगतं. कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. दंड पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत, पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख. तारांकित दर्जा देण्याच्या केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या निकषांतही दिव्यांग पाहुण्यांसाठी किमान एक खोली आहे. मग अडलं कुठे? प्रत्यक्षात हे निकष शिफारशीसारखे वाचले जात होते. राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तेच बोट ठेवलं: सुगमतेचा नियम नुसता मार्गदर्शक ठेवणं कायद्याशी विसंगत आहे, बंधनकारक नियम करा. त्या खटल्यात नालसार विद्यापीठाच्या केंद्रानं जो अहवाल दिला त्याचं नाव ‘फाइंडिंग सायझेस फॉर ऑल’, म्हणजे सगळ्यांच्या मापाचं शोधताना. टेप घेऊन फिरणाऱ्या बाईला ते नाव आवडणारच. पुढे ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यात याच न्यायालयानं म्हटलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्यांना अ‍ॅसिड हल्ल्यामुळे बँकेच्या कॅमेऱ्यासमोर पापणी मिटता येत नव्हती, म्हणून खातं उघडेना.

वेबसाइटवरून दाद मागण्याची गोष्ट जुनी आहे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकची वेबसाइट ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन माणसाला वाचता येईना. त्यानं मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. आयोजक म्हणाले, फार खर्च येईल, फार वेळ लागेल. आयोगानं ते मानलं नाही, आणि शेवटी त्याला वीस हजार डॉलर नुकसानभरपाई मिळाली. पंचवीस वर्षं झाली. ‘फार खर्च येईल’ हे वाक्य मला अजून आठवड्यातून एकदा ऐकू येतं.

आपल्या शहराचं पोट किती प्रमाणात लेण्यांवर भरतं ते तुम्हाला सांगायला नको. वेरूळ आणि अजिंठा दोन्ही १९८३ मध्ये जागतिक वारसा झाले. पाहुणा हॉटेलात येतो तो तिथं जाण्यासाठी. मग हॉटेलच्या वेबसाइटवर एक पान त्याचंही असावं: अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावरून बस बदलावी लागते, तिकीट खिडकीपासून लेण्यांपर्यंत पायऱ्यांचा चढ आहे, डोलीवाले मिळतात. वेरूळला कैलास लेण्याच्या प्रांगणापर्यंत जाणं त्या मानानं सोपं, वरच्या मजल्यांवरची लेणी अवघड. दौलताबादचा किल्ला चाकांचा नाही, हेही खरं सांगावं. बीबी का मकबऱ्याच्या बागेत फिरता येतं, पुढे चबुतऱ्याच्या पायऱ्या आहेत. तुमचा ड्रायव्हर रोज तिथं जातो. त्यालाच विचारून लिहा.

ज्यांना हे सगळं पुस्तकी वाटत असेल त्यांनी कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र वाचावं. स्वतः खुर्चीवर असताना त्यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. मी हॉटेलचं काम सुरू करण्याआधी मालकाला एकच अट घालते: नकाशा पक्का होण्याआधी खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या माणसाला बोलावून, त्याला त्याच्या वेळेचे पैसे देऊन, खोलीत फिरवून घ्यायचं. एकदा एका गृहस्थांनी सगळं नीट झालेल्या खोलीत शिरून विचारलं, ‘आरसा कोणासाठी आहे?’ आरशाची खालची कड त्यांच्या डोक्याच्या वर होती. नकाशावर हे मला दिसलं नसतं, आणि निकषांच्या पुस्तकातून मालकाला पटलं नसतं.

घंटेवाल्यानं हात उचललाय, तेव्हा दोनच मागण्या. हॉटेलवाल्या चौघांनी उद्या दुपारच्या आत आपल्या एका खोलीची सहा मापं घ्यावीत: बाहेरच्या पायऱ्यांची उंची, लिफ्टचं दार, खोलीचं दार, बाथरूमचं दार, खाटेची उंची, कमोडची उंची. फोटोसकट वेबसाइटवर टाकावीत. खोली चालण्यासारखी नसली तरी टाकावीत. टेप नसेल तर माझ्या पर्समध्ये दोन आहेत.

दुसरी मागणी स्मरणिकेच्या संपादकांना. आपल्या मराठीच्या सरांना आता दिसत नाही. ते नातवानं शिकवलेल्या टॉकबॅकवर रोज पेपर ऐकतात. स्मरणिकेची पीडीएफ युनिकोडमध्ये काढा, म्हणजे सर ती स्वतः ऐकतील आणि आपल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतील. आणि दहावीच्या सहलीच्या त्या फोटोखाली नुसतं ‘रम्य आठवणी’ लिहू नका. डावीकडून कोण उभं आहे, कोण बसलंय, कोणी कोणाच्या डोक्यामागं दोन बोटं धरली आहेत, सगळं लिहा.